दिवसभर खेळतातच, मग शिकतात कधी? – वाचकांचे प्रश्न

या वेळी पहिली-दुसरी आणि त्याच्या आधीच्या वयाबद्दल एवढे प्रश्न आले की सगळे घेणं शक्यच नव्हतं. एकसारखे होते ते एकत्र केलेत, कुणाचं नाव छापत नाही. उत्तरं मोठी-छोटी आहेत, जिथे सांगण्यासारखं जास्त होतं तिथे जास्त लिहिलंय.

प्रश्न : मुलगी यंदा मराठी शाळेत पहिलीत गेली. जूनपासून दोन महिने झाले, वही कोरीच आहे. विचारलं तर म्हणते "आज मणी ओवले, आज मातीचे लाडू केले, आज गाणं म्हटलं." शेजारचा तिच्याच वयाचा मुलगा इंग्लिश मीडियमला आहे, तो शंभरपर्यंत आकडे लिहितो. आम्ही चुकीची शाळा निवडली का? – एक आई, चिंचवड

ताई, वही कोरी आहे म्हणून टेन्शन घेऊ नका, पण शाळेवर डोळे झाकून विश्वास ठेवा असंही मी म्हणणार नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे तुमच्या शाळेने हे काही मनाने काढलेलं नाही. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात 3 ते 8 वर्षं हा एकच सलग टप्पा धरलाय, त्याला पायाभूत स्तर म्हणतात, म्हणजे बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी हे सगळं एकाच धाग्यात. त्यावर 2022 मध्ये जो अभ्यासक्रम आराखडा आला त्यात तर स्पष्टच आहे की 3 ते 6 वयाला पाठ्यपुस्तकाचं ओझं नको आणि या पूर्ण टप्प्यात लेखी परीक्षा घेणं योग्य नाही. पहिलीत आल्याआल्या पहिले तीन महिने खेळातून तयारी करून घ्यायची, त्यासाठी 'विद्याप्रवेश' नावाचा कार्यक्रमही 2021 पासून आहे. तुमच्या मुलीच्या वर्गात जे चाललंय ते बहुतेक तेच असणार.

आता मणी कशाला ओवायचे? पेन्सिल धरायची म्हणजे अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट या तिघांनी मिळून काम करायचं असतं. लहान मूल आधी अख्ख्या मुठीत खडू धरतं, मग हळूहळू बोटांवर येतं आणि साधारण साडेचार ते सहाच्या दरम्यान ती तीन बोटांची हलती पकड बसते, कुणाची आधी कुणाची नंतर. मनगटातली आठही छोटी हाडं तर जन्मताना कूर्चाच असतात, त्यातलं शेवटचं पक्कं व्हायला नऊ-दहा वर्षं किंवा जास्तच लागतात. अशा हाताला वहीची चार-चार पानं गिरवायला लावली की मूल पेन्सिल आवळून धरतं, बोट दुखतं, आणि मग "लिहायचा कंटाळा करतो" अशी तक्रार घेऊन पालक आमच्याकडेच येतात! मातीचे लाडू, मणी, कागद फाडून चिकटवणं, कपड्यांचे चिमटे लावणं, शेंगा सोलणं, यातून तीच बोटं तयार होतात. शेंगा सोलायला तर घरीही बसवा, तुमचंही काम हलकं होईल.

शंभरपर्यंत लिहिणाऱ्या मुलाचं म्हणाल तर एक गंमत करून बघा. त्याला म्हणा, स्वयंपाकघरातून मला सात चमचे आणून दे. बरीच मुलं मूठभर चमचे आणतात. आकडे क्रमाने लिहिता येणं आणि सात म्हणजे किती हे कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी जास्त अवघड आहे. तुमच्या मुलीलाही सांगून बघा. तिने एकेक चमचा मोजत सात आणले, वर "आता दोन परत ठेव, किती राहिले?" याचं उत्तर दिलं तर ती गणितात मागे नाहीये, वहीत काहीही दिसो न दिसो.

वाचनाचंही तसंच. अक्षरं यायच्या आधी कानाला आवाज वेगळे ऐकू यावे लागतात. 'कमळ' मधला पहिला आवाज कोणता, 'क'ने सुरू होणारं अजून काय, शब्दांच्या भेंड्या, 'अटक मटक चवळी चटक', हे सगळं कान तयार करण्याचंच काम आहे.

पण आता दुसरी बाजू, ती लपवणार नाही. मूल नुसतं खेळून बोलायला शिकतं तसं नुसतं खेळून वाचायला शिकत नाही. लिपी ही शिकवावीच लागते, कुणीतरी बसून 'हा म, हा काना, हे झालं मा' असं दाखवावंच लागतं. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तिला काही अक्षरं ओळखू यायला हवीत, दोन-तीन अक्षरांचे सोपे शब्द जुळवायची सुरुवात तरी दिसायला हवी. तोवरही फक्त गाणी आणि रंगकाम चालू असेल तर बाईंना जाऊन नीट विचारा. भांडायला नको, "पुढच्या महिन्यात तुम्ही काय करणार आहात" एवढंच विचारा. ज्या बाईंच्या डोक्यात आखणी असते त्या लगेच सांगतात, आणि नसेल तर तेही तुम्हाला लगेच कळतं.

प्रश्न : मुलाला डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सहा पूर्ण होतात. नियमात बसतो. पहिलीला घालावं की एक वर्ष थांबावं? तसा हुशार आहे. – एक बाबा, लातूर

महाराष्ट्रात 31 डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण झाले की पहिलीला चालतं, म्हणजे कागदावर तुमची काही अडचण नाही. मी असते तर थांबले असते. जूनमध्ये तो साडेपाचचा असणार आणि शेजारच्या बाकावरचं मूल कदाचित साडेसहाचं, या वयात एक वर्ष म्हणजे अख्ख्या आयुष्याचा सहावा भाग झाला की हो! तो हुशार आहे हे मान्य, पण डबा संपवणं, चड्डीचं बटण, रडू आलं तर बाईंना सांगणं, हे हुशारीत येत नाही. मात्र थांबवलंत तर घरी पहिलीचं पुस्तक घेऊन बसू नका, नाहीतर थांबवून उपयोग काय.

प्रश्न : मी 74 वर्षांचा आहे. आम्हाला पाढेच नव्हे तर पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी (पाव, अर्धा, दीड, अडीचचे पाढे) पाठ होत्या. नातू दुसरीत आहे, त्याला पंचवीस लिही म्हटलं तर 52 लिहितो. शाळेत म्हणे 'आनंददायी शिक्षण'. खेळ पुरे झाले, पाठांतर का करून घेत नाहीत? – एक आजोबा, सांगली

आजोबा नमस्कार. तुमची औटकीसुद्धा पाठ असणार, हल्ली साडेतीनचा पाढा असतो हे सांगितलं तर मुलं हसतात.

पाठांतराला माझा विरोध नाही. 'सात आठे छप्पन्न' जिभेवर असलं की पुढे भागाकाराला डोकं मोकळं राहतं हे अगदी खरं आहे. पण ते आधी की नंतर हा प्रश्न आहे, आणि नातवाच्या 52 मध्येच त्याचं उत्तर आहे बघा. आपण 'पंचवीस' म्हणतो तेव्हा पाच आधी ऐकू येतात आणि वीस नंतर, लिहिताना मात्र दोन आधी लिहायचा. मुलगा कानाने जे ऐकलं ते इमानदारीने लिहितोय. त्यात एकोणतीस म्हणताना तीसचं नाव घ्यायचं आणि लिहायचं मात्र विसातलं. 2019 ला बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' असं वाचायची पद्धत आणली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय ना, टीव्हीवर, विधानसभेत, सगळीकडे जोक. माझं मत विचाराल तर पंचवीस हा शब्द जायला नको, तो आपला आहे, पण शिकताना मधली पायरी म्हणून 'वीस आणि पाच' म्हटलं तर काही बिघडत नाही, मी वर्गात तसंच करून घ्यायचे.

त्याच्यासाठी तुम्ही काय कराल? आइसक्रीमच्या काड्या घ्या किंवा खराट्याच्या काड्या तोडा. दहा-दहाचे गठ्ठे रबरबँड लावून करा. पंचवीस म्हटलं की त्याने दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या उचलायच्या, गठ्ठे डाव्या हाताला, सुट्या उजव्या हाताला, आणि मग तसंच लिहायचं. काही दिवसांत 52 बंद होतं. मग उलटं करा, तुम्ही काड्या ठेवा आणि त्याने नाव सांगायचं. मग तीस काड्यांतून बारा मागा, त्याला गठ्ठा सोडावा लागेल, तिथे त्याला हातचा कळतो, फळ्यावर नाही.

आणि त्याच्याशी खेळा हो. बदाम सात खेळलात तर सातच्या पुढे आठ आणि मागे सहा हे त्याला सतत बघावं लागतं. सापशिडी तर फारच छान. अमेरिकेत गीता रमाणी आणि रॉबर्ट सीग्लर यांनी 2008 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता, गरीब घरातल्या बालवाडीच्या मुलांना 1 ते 10 आकड्यांचा साधा पट थोडा थोडा वेळ खेळायला दिला, दुसऱ्या गटाला तसाच पट पण आकड्यांऐवजी रंगांचा. आकड्यांच्या पटावर खेळलेल्यांची संख्यांची समज स्पष्ट वाढली, रंगवाल्यांची नाही. म्हणजे खेळ दोन्हीकडे होता, फरक पटावर काय लिहिलंय त्याने पडला. पुढे असंही दिसलं की सोंगटी सरकवताना काय बोलतो त्यालाही महत्त्व आहे. चौदावर आहे आणि तीनचं दान पडलं तर "एक, दोन, तीन" नाही म्हणायचं, "पंधरा, सोळा, सतरा" म्हणायचं. एवढं एक पथ्य पाळा.

पाढे तिसरीच्या आसपास जोरात घ्या. दुसरीत 2, 5 आणि 10 भरपूर झाले. आणि दिडकी त्याला जरूर ऐकवा, पण गोष्ट म्हणून.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत आहे, पहिली आणि दुसरी माझ्याकडे एकत्र. ट्रेनिंगमध्ये खेळातून शिक्षण सांगतात, प्रत्यक्षात एका वर्गाला खेळ दिला की दुसऱ्याचं लक्ष उडतं, गोंधळ होतो, तेवढ्यात कुणी तपासणीला आलं की "वर्गाला शिस्त नाही". साहित्याला पैसे नाहीत. निपुणचं (वाचन-गणिताच्या सरकारी मोहिमेचं) टार्गेट आहेच. नेमकं करायचं काय? – एक शिक्षिका, नंदुरबार जिल्हा

मॅडम, तुमच्या प्रश्नासाठीच खरं तर हे सदर आहे.

ट्रेनिंगमध्ये एक गोष्ट नीट सांगत नाहीत, ती अशी की खेळ दोन प्रकारचा असतो. एक मुलांचा स्वतःचा, त्यात आपण ढवळाढवळ करायची नाही. दुसरा आपण आखलेला, ज्यात मुलाला वाटतं मी खेळतोय पण आपल्याला माहिती असतं की यातून आज काय व्हायला हवं. आणि तिसरा एक प्रकार असतो जो खेळ नाहीच, पण अहवालात खेळ म्हणून जातो, म्हणजे छापील चित्रात सगळ्यांनी एकच रंग भरायचा, किंवा कृतियुक्त गाणं सगळ्यांनी एका सुरात कवायतीसारखं म्हणायचं, किंवा बाईंनी रात्र जागून थर्माकोलचं झाड करून भिंतीवर टांगायचं ज्याला मुलांनी हात लावायचा नाही. हा तिसरा प्रकार बंद केलात तर तुमचा बराच वेळ आणि पैसा वाचेल, मुलांचं काहीही नुकसान होणार नाही.

एकत्र वर्गात कोपरे करा. चार पुरेत. एक दुकान : बिस्किटांचे रिकामे पुडे, साबणाची खोकी, त्यावर किमती, पुठ्ठ्याच्या नोटा-नाणी. एक मोजमापाचा : वाळू, पाणी, वेगवेगळ्या वाट्या-तांबे, एक तराजू. एक पुस्तकांचा, पुस्तकं मुलांच्या हाताला लागतील अशी, कपाटात नाही. आणि एक बांधायचा-जोडायचा : माती, काड्या, दगड, चिंचोके, बिया. पहिली कोपऱ्यात असते तेव्हा तुम्ही दुसरीला वीस मिनिटं समोर घेऊन शिकवा, मग अदलाबदल. पहिला आठवडा गोंधळ होणारच, तेव्हा काही शिकवायचं नाही, फक्त कोपरा कसा वापरायचा आणि वस्तू जागेवर कशा ठेवायच्या एवढंच शिकवायचं. याला वेळ दिला नाही तर वर्षभर त्रास होतो. दुसरीतल्या मोठ्या मुलीला दुकानदार करा, पहिलीची मुलं गिऱ्हाईक, मग बघा सुट्टे पैसे देताना ती किती गणित करते ते.

पैशांचं म्हणाल तर ही अडचण नवी नाही आणि तिच्यावर उत्तर आपल्याच मातीत सापडलेलं आहे. बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडकांनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर मॉन्टेसरी पद्धतीवर काम केलं होतं, पण 1945 ला बोर्डीला खेड्यात काम सुरू केलं तेव्हा ते महागडं साहित्य तिथे परवडणार नव्हतं. मग शंख-शिंपले, बिया, पानं, खडे यातूनच साहित्य उभं राहिलं. अनुताई वाघ तिथेच त्यांच्याबरोबर कामाला लागल्या, मग कोसबाडला ते वाढलं. आदिवासी पाड्यावरची मुलं शाळेत येईनात तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली, 'अंगणवाडी' तिथली. अंगणवाड्या चालवणारी सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली ती 1975 ला, म्हणजे आधी पाड्यावर झालं, मग कागदावर. तुमच्या नंदुरबारच्या मुलांना तर रानातल्या बियांची नावं आपल्यापेक्षा जास्त माहिती असतील, त्यांनाच गोळा करायला सांगा, वर्गीकरण करा, मोजा, त्यांच्या घरच्या बोलीत नाव विचारा आणि मराठीतलं शेजारी लिहा. मुलं घरी भिली किंवा पावरी बोलत असतील तर खेळात ती मोकळी बोलतात, समोर बसवून प्रश्न विचारला की गप्प होतात, हे तुम्हीही बघितलं असेलच.

काही शाळांमध्ये 'जादुई पिटारा'सारखी खेळण्यांची पेटी आलेली असते, तुमच्याकडे असेल तर ती उघडा आणि वापरा. तुटलं तर तुटलं. साहित्य नवंकोरं राहिलं म्हणून कुणाला बक्षीस मिळालेलं मी तरी बघितलं नाही.

अक्षरांसाठी अ ते ज्ञ अशा ओळीने जाऊ नका. क, म, ल, र आणि काना एवढंच घ्या, त्यातून कमल, काका, मामा, लाल, काम, मका, कार, माल असे शब्द लगेच होतात आणि पहिल्याच महिन्यात मूल 'वाचतं'. मग ती अक्षरं ओट्यावर खडूने मोठी काढा, तुम्ही शब्द सांगायचा आणि मुलाने लंगडी घालत त्या अक्षरांवर जायचं, बाकीच्यांनी बरोबर का चूक ते ओरडायचं. लगोरीच्या ठिकऱ्यांवर अक्षरं लिहा. पण रोज थोडा वेळ शांत बसून वाचन आणि लेखन हवंच, लंगडीने लेखन येत नाही.

आता तपासणी. खेळाचं नाव लिहू नका, हेतू लिहा. 'दुकान-दुकान' असं टाचणात (पाठाच्या नोंदीत) लिहिलं तर वाचणाऱ्याला वेळकाढूपणा वाटतो, 'वीसपर्यंतच्या संख्यांची बेरीज-वजाबाकी, नाण्यांची ओळख – साधन : दुकान कोपरा' असं लिहा. निपुण भारत तर 2021 च्या जुलैमध्ये सुरूच झालं ते तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधं गणित यावं म्हणून, आणि त्याच्याच मार्गदर्शनात खेळ आणि कृती यावर भर आहे, तुम्ही त्याच्या विरुद्ध काही करत नाही आहात. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टातही प्रत्येक वर्गाला खेळाचं साहित्य द्यावं असं आहे. हे कुणाला सुनवायला नको, पण माहिती असलेलं बरं. शिवाय एक साधी वही ठेवा, रोज तीन-चार मुलांबद्दल एकेक ओळ. 'आज गठ्ठा सोडून सुट्टे दिले.' 'म आणि भ मध्ये गोंधळ.' साहेब आले की ती वही पुढे करा आणि एखाद्या मुलाला त्यांच्याकडे दुकानात पाठवा. एकदा स्वतः गिऱ्हाईक झालेला माणूस सहसा शिस्तीवर बोलत नाही.

आवाजाचं म्हणाल तर शांत वर्ग मला स्वतःला संशयास्पद वाटतो. पण एकाच मुलाचा आवाज सतत वर येत असेल तर उठून बघायचं.

प्रश्न : आम्ही जर्मनीत आहोत. मुलगी पाच वर्षांची, किंडरगार्टनमध्ये अक्षरं शिकवतच नाहीत, पाऊस असला तरी बाहेर चिखलात खेळायला नेतात. भारतातून आजी-आजोबा रोज फोनवर विचारतात "ए बी सी डी आली का?" आम्ही घरी मराठी आणि जर्मन दोन्ही अक्षरं सुरू करावीत का? – एक आई, स्टुटगार्ट

ज्या देशात फ्रोबेल या शिक्षणतज्ज्ञाने 1837 ला बाड ब्लांकेनबुर्गला लहान मुलांचं खेळघर काढलं आणि 1840 ला त्याला किंडरगार्टन हे नाव दिलं, तिथे राहून हे टेन्शन! अर्थात तिथेही सगळं सुरळीत नव्हतं, प्रशियाच्या सरकारने 1851 ला किंडरगार्टनवर बंदीच घातली होती, ती उठली 1860 ला. खेळणाऱ्या मुलांची सरकारला भीती वाटू शकते हे मला नेहमी गमतीचं वाटतं.

तिथे अक्षरं सहाच्या आसपास ग्रुंडशूलेत, म्हणजे प्राथमिक शाळेत गेल्यावर पद्धतशीर शिकवतात, ती शिकेल. तुम्ही घरी मराठी बोलणं मात्र सोडू नका, ते शाळा करून देणार नाही. रोज झोपताना मराठी गोष्ट, गाणी, 'आपडी थापडी', आजीला फोनवरून भेंड्या खेळायला लावा म्हणजे आजीचा प्रश्नही बंद होईल. देवनागरी तिने स्वतः विचारलं तर दाखवा, आधी तिचं नाव, मग घरातल्यांची नावं. दोन लिप्या एकदम पाठीमागे लागून करण्याची घाई नको. आणि चिखलाचे कपडे वेगळे ठेवा.

प्रश्न : 'एज्युकेशनल गेम'चं ॲप दिलं तर ते खेळातून शिक्षणच झालं ना? – एक बाबा, ठाणे

नाही. बोट एकाच दिशेला सरकतं आणि उत्तर बरोबर आलं की टाळ्या वाजतात, त्यात मुलाने स्वतः ठरवलेलं काहीच नसतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन सांगितलाय, कमी असेल तर उत्तम, आणि तो तास बहुतेक घरांत जेवतानाच संपतो.

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षांचा. शाळेत भातुकलीच्या कोपऱ्यातून हलत नाही, घरी पण खोटी खोटी पोळी लाटतो. सासूबाई म्हणतात मुलीसारखं काय खेळतोय, बाईंना सांगून बंद करा. – एक आई, अहिल्यानगर

बंद करू नका. भातुकलीत 'तू बाबा, मी डॉक्टर, हे बाळ आजारी' असं ठरवताना मूल जेवढं बोलतं तेवढं दुसऱ्या कुठल्याच खेळात बोलत नाही, दुसऱ्याच्या जागी जाऊन विचार करतं, भांडण झालं तर नियम बदलतं. चार पानं चौघांत वाटायची तर गणितही आलंच. सासूबाईंना एकदा त्याच्या हाताखाली बसवा, त्याला खरी कणीक आणि छोटं लाटणं द्या आणि त्याने लाटलेली पोळी, कशीही झाली असली तरी, तव्यावर टाकून त्यांच्याच ताटात वाढा.